चार आण्यांचं मृत्युपत्र

गोव्यातल्या माणसानं मृत्युपत्र करायला घेतलं, की "कुणाला काय द्यायचं" हा प्रश्न दुसरा येतो. पहिला असतो, "द्यायला माझ्या हातात आहे तरी किती?" आणि बहुतेक घरांत त्याचं उत्तर रुपयाच्या सोळा आण्यांतले चार आणे एवढंच असतं. बँकेत मयत खातेदारांच्या पैशांच्या क्लेमच्या टेबलावर बसायचे तेव्हा हे मी गिऱ्हाइकांना सांगत असे. निवृत्तीनंतर आमच्या दादालाच सांगायची पाळी आली.

दादा पुण्यात असतो. तिथल्या कुणा वेल्थ मॅनेजरनं त्याच्या डोक्यात फॅमिली ट्रस्ट भरवला. आमचं गोव्यातलं सावईवेऱ्याचं घर, कुळागर म्हणजे पोफळीची बाग, आईच्या नावावरच्या ठेवी, सगळं एका ट्रस्टमध्ये घालायचं. आई कर्ती, म्हणजे ट्रस्ट करून देणारी, आम्ही तिघं भावंडं विश्वस्त, नातवंडं लाभार्थी. भांडण नाही, कोर्ट नाही, वाटणी नाही. त्यानं रंगीत खोक्यांची आकृतीसुद्धा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. बाण छान काढले होते. एवढंच, की त्या आकृतीत गोवा कुठंच नव्हता.

आण्यांचा हिशेब असा. नवरा-बायकोनं लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर गोव्याच्या कायद्यानं दोघांची सगळी मालमत्ता एकत्र होते. लग्नाआधीची, नंतरची, वडिलोपार्जित, कमावलेली, सगळी. त्यातले आठ आणे नवऱ्याचे, आठ आणे बायकोचे. कागदावर नाव कुणाचंही असो. माणूस गेला की त्याच्या आठ आण्यांतले चार मुलांसाठी कायद्यानं बांधलेले. त्याला इथं लेजितिमा म्हणतात. तो हिस्सा मृत्युपत्रानं काढून घेता येत नाही. उरलेले चार आणे मोकळे. ते मुलाला द्या, देवळाला द्या, शेजाऱ्याला द्या, कुणी विचारणार नाही.

हे सगळं पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेलं. ती १८६७ ची, इथं १८७० पासून लागू. १९६१ ला पोर्तुगीज गेले, पण १९६२ च्या कायद्यानं जुने कायदे चालू ठेवले, त्यात हीही राहिली. वारसा, नोटरी आणि इन्व्हेंटरीचा, म्हणजे कोर्टातल्या वाटणीचा, भाग आता गोवा विधानसभेच्या २०१२ च्या कायद्यात आहे, तो २०१६ च्या डिसेंबरपासून अमलात आला. पण मूळ हिशेब तोच. हिंदू वारसा कायदा इथं लागू नाही, आणि ही गोष्ट महाराष्ट्राच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडला की कुणालाच ठाऊक नसते.

आमचं आजोळ सावंतवाडीचं. तिथं मामा गेले तेव्हा त्यांनी स्वतः कमावलेलं सगळं एका मुलाच्या नावे करून ठेवलेलं निघालं. दुसऱ्यानं आरडाओरड केली, वकील गाठले, पण उपयोग झाला नाही. स्वकष्टार्जित मालमत्ता माणूस तिकडे हवी त्याला देऊ शकतो. तेच मामा तासाभराच्या अंतरावर गोव्यात राहत असते, तर मामीचे आठ आणे आधीच बाजूला निघाले असते आणि दुसऱ्या मुलाला चार आण्यांतला निम्मा वाटा मिळालाच असता. आणि मृत्युपत्र नसतं, तर तिकडे मामीला मुलांच्या बरोबरीनं एक वाटा. इकडे वारसा म्हणून नव्हे, बायको म्हणून अर्धं. ते तिचंच होतं, नवरा मेल्यामुळे मिळालेलं नव्हे. मला हा फरक फार मोठा वाटतो. आमच्या आईला कधी "बाबांच्या पश्चात" काही मागावं लागलं नाही.

"मुलाला इस्टेटीतून बेदखल केले आहे" अशा जाहिराती वर्तमानपत्रात दिसतात, त्यांचं मला नेहमी हसू येतं. इथं मुलाला लेजितिमा नाकारायचा तर कायद्यानं ठरवून दिलेलीच कारणं लागतात आणि ती सिद्ध व्हावी लागतात. मनाविरुद्ध लग्न केलं, दारू पितो, फोन करत नाही, ही कारणं त्यात बसत नाहीत.

तर दादाची ट्रस्टची आकृती घेऊन आम्ही फोंड्याच्या आमच्या वकीलबाईंकडे गेलो. दादा व्हिडिओ कॉलवर. बाईंनी आकृती पाहिलीच नाही. त्यांनी पहिल्यांदा फॉर्म वन अँड फोर्टीन मागितला. सर्व्हेच्या त्या कागदावर कब्जेदार म्हणून अजून आमच्या आजोबांचं नाव होतं. बाबांचं नव्हतं, आईचं नव्हतं. आजोबा गेले, आजी गेली, आत्या लग्न होऊन गेल्या, बाबा गेले, आणि कागदाला याची काही खबर नाही. गोव्यात हे इतकं सर्रास आहे की बाईंनी भुवईसुद्धा उंचावली नाही.

"ट्रस्टमध्ये मालमत्ता घालायची म्हणजे ती आधी विश्वस्तांच्या नावे करावी लागते," बाई दादाला म्हणाल्या. "स्थावर असेल तर सही करून, स्टॅम्प ड्युटी भरून, रजिस्टर करून. तुम्ही करणार कुणाच्या नावची?"

इथं इंग्रजी कायद्यावर वाढलेला ट्रस्ट आणि आमचं गोवा यांची गाठ पडते. भारतीय न्यास कायदा १८८२ चा. एकानं मालमत्ता द्यायची, दुसऱ्यानं ती सांभाळायची, तिसऱ्यानं तिचा उपभोग घ्यायचा, ही कल्पना. ती चांगलीच आहे. पण ट्रस्टला फुकट दिलेली मालमत्ता ही शेवटी बक्षीसच. आणि आई-वडिलांनी हयातीत दिलेली बक्षिसं इथं मृत्यूनंतर हिशेबात ओढली जातात. मोकळ्या चार आण्यांपलीकडे दिलेलं असेल, तर लेजितिमाचा हक्कदार वारस ते छाटून मागू शकतो. म्हणजे कोर्ट टाळायला केलेला ट्रस्टच कोर्टात जायचं निमित्त. शिवाय सह्या. गोव्यात स्थावराचा व्यवहार जोडप्यानं होतो. आत्यांच्या आणि गेलेल्या आत्यांच्या वारसांच्या सह्या हव्यात, त्या सगळ्यांच्या नवऱ्यांच्या-बायकांच्याही हव्यात. त्यातली एक बहारीनला, एक बोरिवलीला.

दादा म्हणाला, "मग मृत्युपत्रच करू आईचं."

"करा. पण चार आण्यांचं होईल. आणि कशाचे चार आणे ते आधी ठरवा."

ते ठरवायची रीत म्हणजे इन्व्हेंटरी. ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते. दिवाणी कोर्टात अर्ज करायचा, मग एक जण मालमत्तेचा कारभारी नेमला जातो. जोडीदार हयात असेल तर बहुधा तोच. तो शपथेवर सांगतो वारस कोण आणि मालमत्ता काय. यादी बनते: आयटम एक घर, आयटम दोन कुळागर, आयटम तीन खाडीकाठच्या खाजन शेतातला हिस्सा, मग बँकेतल्या ठेवी, सोनं, पितळेची भांडी असं खाली खाली. प्रत्येक वारसाला आणि त्याच्या जोडीदाराला नोटीस. मूल्यांकन. मग एकमत नसेल तर लिसिटेशन, म्हणजे वारसांमधलाच लिलाव. बाहेरचा माणूस त्यात बोली लावू शकत नाही. जो वस्तू घेतो त्याच्या वाट्यापेक्षा ती महाग गेली, तर वरचे पैसे तो बाकीच्यांना देतो. त्याला ओवेल्टी म्हणतात. शेवटी वाटणीचा तक्ता होतो आणि कोर्ट त्यावर शिक्कामोर्तब करतं.

समान नागरी कायद्याची चर्चा निघाली की गोव्याचं नाव हटकून येतं, सुप्रीम कोर्टानंही २०१९ च्या एका निकालात गोव्याचं कौतुक केलं. कौतुक करणाऱ्यांपैकी किती जण लिसिटेशनला बसलेत कोण जाणे. मी आत्याच्या सासरच्या इन्व्हेंटरीला तिच्यासोबत गेले होते. घर, दुकान, सगळं समजुतीनं झालं. आणि अडकलं एका शेताच्या तुकड्यावर, ज्यात धड भात पिकत नाही, पावसात बेडूक तेवढे ओरडतात. दोन भाऊ. एक बोली लावी, दुसरा हजारानं वाढवी. मग दहा हजारानं. दोघांच्या बायका मागच्या बाकावर बसून एकमेकींकडे न बघता पदर चोळत होत्या, कारण त्यांना ठाऊक होतं, वाढणाऱ्या प्रत्येक बोलीतले अर्धे पैसे त्यांचे आहेत. धाकट्यानं शेत घेतलं. ओवेल्टी भरायला त्याला म्हापशाचा प्लॉट विकावा लागला. शेत अजून पडीकच आहे.

पण त्याच पद्धतीची दुसरी बाजूही आहे, आणि ती कुळागर असलेल्यालाच कळेल. आमचं कुळागर तीन भागांत पाडताच येत नाही. वरच्या झरीचं पाणी पाटानं येतं. बाळू, म्हणजे धाकटा भाऊ, उन्हाळ्यात पहाटे उठून मातीचा बांध पायानं फोडतो, पाणी एका ओळीत सोडतो, ती भरली की बांध घालून पुढच्या ओळीत. वरच्या वाटेकऱ्यानं पाणी अडवलं तर खालच्याच्या पोफळी दोन उन्हाळ्यांत वाळतील. मिरीचे वेल पोफळींवर, जायफळं त्यांच्या सावलीत. कुठल्या रेषेवर कुंपण घालणार? म्हणून एकानं घ्यायचं आणि दुसऱ्यांना पैसे द्यायचे, हे इथं कायद्याआधी झाडांनीच ठरवलेलं आहे. आणि तो एक म्हणजे बाळू. पावसाआधी कोळेरोगासाठी मोरचूद-चुन्याचं औषध मारून घेणं, सुपारी पाडायला येणारा पाडेली वेळेवर न आल्यास त्याच्या घरी जाऊन बसणं, माकडांमागे धावणं, हे त्यानं केलं. दादा मे महिन्यात येतो आणि फणस नेतो. मी दादावर प्रेम करते, पण खरं ते खरं.

आईच्या मनात पहिल्यापासून तेच होतं. "जो शिंपतो त्याला," एवढंच ती म्हणायची. आता कागदावर बसवून पाहू. बाबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. त्यांचे आठ आणे आम्हा तिघांत सारखे. आईच्या आठ आण्यांतले चार पुन्हा आम्हा तिघांत सारखे. म्हणजे हे बारा आणे तिघांत वाटले, प्रत्येकी चार. आणि आईचे मोकळे चार आणे बाळूला. झाले बाळूचे आठ, दादाचे चार, माझे चार. वकीलबाईंनी पॅडवर आकडे मांडले तेव्हा दादा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "हे बरोबर वाटतंय." ट्रस्टच्या आकृतीत त्यालाही हेच हवं होतं बहुतेक, फक्त त्याला वाटत होतं की ते मिळवायला काहीतरी नवीन यंत्र बसवावं लागेल. माझ्या चारातले दोन माझ्या नवऱ्याचे, हे मी घरी येऊन सांगितलं, तर तो म्हणाला, "मग पाटाचं पाणी सोडायला मीही जातो आठवड्यातून एकदा." गेलेला नाही.

आजोबांच्या इस्टेटीचं आधी करून घेतलं, कारण त्याशिवाय बाबांच्या आठ आण्यांना अर्थच नव्हता. आत्या आणि त्यांची मुलं समजूतदार निघाली, त्यामुळे लिलावापर्यंत गेलं नाही. मुखत्यारपत्रं यायला वेळ लागला, बस्स. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

आईचं मृत्युपत्र सार्वजनिक केलं. म्हणजे नोटरीच्या बुकात लिहिलेलं. इथं सब-रजिस्ट्रारच त्या कामासाठी नोटरी असतो. घरी कागदावर लिहून कपाटात ठेवायचं, मग ते सापडेल की नाही आणि सही खरी की खोटी यावर भांडायचं, हा प्रकार त्यात नाही. आईचं वय बघता डॉक्टरांचं पत्रही सोबत घेतलं. आम्हा तिघांना बाहेर बसवलं आणि तिला आत एकटीला विचारलं, ते मला आवडलं. मग साक्षीदारांसमोर वाचून दाखवलं, तिला कळेल अशा भाषेत समजावलं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "समई कुणाला ते लिहिलंय?" लिहिलं नव्हतं. तिनं सही करायला नकार दिला. मग पुन्हा मसुदा, पुन्हा तारीख. आता समई दोन्ही सुनांना एकेक आहे. मला का नाही, हे मी विचारलं नाही, कारण तिनं माझ्या लग्नातच मला एक दिली होती आणि ती तिच्या लक्षात होती.

एक कलम देवस्थानाचं आहे. बाळूला जाणाऱ्या मोकळ्या चार आण्यांतूनच काही रक्कम देवस्थानात कायम ठेव म्हणून, तिच्या व्याजातून दरवर्षी बाबांच्या तिथीला अभिषेक. आमच्याकडची देवस्थानं महाजनांच्या, म्हणजे देवळाच्या वंशपरंपरागत सभासदांच्या हाती, १९३३ च्या पोर्तुगीज नियमावलीखाली चालतात. आणि बघायला गेलं तर हा ट्रस्टच आहे की. मुद्दल हलवायचं नाही, सांभाळणारे वेगळे, फळ ठरलेल्या कामाला. दादाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग मी काय वेगळं सांगत होतो?"

खरंच, ट्रस्ट वाईट असं मी म्हणत नाही. माझ्या एका वर्गमैत्रिणीचा मुलगा बौद्धिकदृष्ट्या अपंग आहे, चाळिशीला आलाय. पैसे त्याच्या नावावर ठेवून उपयोग नाही, आणि बहिणीच्या नावावर ठेवले तर बहिणीच्या नवऱ्याचे अर्धे. तिला मी स्वतःहून वकीलबाईंकडे नेलं. तिनं मृत्युपत्रातच ट्रस्ट केला: तिचे मोकळे चार आणे विश्वस्तांकडे, मुलाच्या खाण्यापिण्याला, औषधाला, सोबतीला. एकाऐवजी तीन विश्वस्त, त्यातला एक वयानं बराच लहान, म्हणजे मुलाच्या आधी सगळे संपायचे नाहीत. विश्वस्तांना ठरवायची मोकळीक असलेल्या ट्रस्टच्या उत्पन्नावर एरवी वरच्या दरानं कर लागतो. पण आपल्यावर अवलंबून असलेल्या नातेवाइकासाठी मृत्युपत्रानं केलेला एकमेव ट्रस्ट असेल, तर १९६१ च्या आयकर कायद्यानं त्याला साधाच दर ठेवला. त्या मुलाचा स्वतःचा लेजितिमा आहेच, त्यासाठी पालक नेमावा लागतो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याची समिती ते करते. अशा घराला आकृती काढून द्या, बाण काढा, मी स्वतः स्टॅम्प पेपर आणून देईन.

आता माझ्या जुन्या टेबलाचं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. हे मी इतक्या लोकांना सांगितलंय की झोपेतही म्हणत असेन. बँक नॉमिनीला पैसे देते आणि मोकळी होते. नॉमिनीनं ते वारसांना द्यायचे असतात. शेअर्सबाबतही सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२३ मध्ये तेच सांगितलं. नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला चार नॉमिनी ठेवता येतात, त्यामुळे आता चार जणांचा गैरसमज होईल. गोव्यात तर ठेव नवऱ्याच्या नावे असली तरी अर्धी बायकोची, मग नॉमिनी पुतण्या असो नाहीतर परमेश्वर. टेबलावर एकदा एका बाईंनी मला विचारलं होतं, "म्हणजे मी इतकी वर्षं यांच्याकडे माझेच पैसे मागत होते?" मी हो म्हटलं. पुढचा टोकन नंबर पुकारायला मला जरा वेळ लागला.

आणि लग्न ठरलेल्या मुलामुलींनो, रजिस्ट्रारसमोर पहिल्या सहीला जाल, तेव्हा मालमत्तेचं काय ते त्याआधी ठरवा. वेगळं ठेवायचं असेल तर करार लग्नाआधीच होतो. वेगळं ठेवाच असं नाही. हॉलचं बुकिंग आणि केटररची चव बघायला दहा खेपा होतात, आणि आयुष्यभराचे आठ आणे उभ्याउभ्या सही होऊन जातात.

दादाचा पुण्याचा फ्लॅट तेवढा राहिला. २०१९ चा तो निकाल सांगतो, की गोव्याचा अधिवास असलेल्या माणसाची गोव्याबाहेरची मालमत्ताही वारशासाठी गोव्याच्याच कायद्यानं जाते. दादाचं लग्न फोंड्याला रजिस्टर झालेलं, पण संसार सगळा कोथरूडला. मग त्याचा अधिवास गोव्याचा की पुण्याचा? दादाचं म्हणणं, पुण्याचा; चतुर्थीला मात्र तो गोव्याचा असतो. हे तपासायला वकीलबाईंना फोन करतो म्हणाला होता, अजून केलेला नाही. वहिनीनं केला, दोनदा.